जुने तुर्की हमाम फक्त आंघोळीसाठी होते की त्यांचा समाजात आणखी काही उपयोग होता? त्यांची बांधणी कशी असे?

इस्तंबूलच्या चेंबरलीताश हमामात, गरम दालनाच्या मधोमध असलेल्या संगमरवरी ओट्यावर मी बराच वेळ नुसती पडून होते. वर घुमटाला गोल गोल भोकं आणि त्यांत बसवलेल्या जाड काचा. उजेड येतो तो तिथूनच, वाफेतून तिरपा उतरत. तुर्कीत या काचांना ‘फिल गोझू’ म्हणजे हत्तीचा डोळा म्हणतात. ऊब आत राहते, बाहेरची नजर आत येत नाही.

सगळी रचना उष्णतेभोवती असते. आधी कपडे बदलायचं उंच, थंड दालन, मग कोमट खोली आणि शेवटी गरम दालन. अंगाला हळूहळू सवय होते. रोमन स्नानगृहांप्रमाणेच फरशीखाली पोकळी असते. भट्टीचा जाळ आणि धूर तिच्यातून फिरून भिंतीतल्या नळ्यांवाटे वर जातो. त्या पोकळीचं नाव ‘जेहेन्नेमलिक’, नरकाची जागा! आंघोळीला मात्र रोमन लोकांसारखा हौद नाही. भिंतीलगत संगमरवरी कुंड्या असतात, त्यांतून भांड्याने पाणी घेऊन अंगावर ओतायचं. आपल्या बादली-तांब्यासारखंच, वापरलेलं पाणी पुन्हा अंगावर येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग, समाजातला उपयोग. माझ्या मते हमामाचं खरं मोल बायकांना होतं. घराबाहेर, पुरुषांच्या नजरेआड, डबे घेऊन दिवसभर बसता येईल अशा जागा त्यांना फार नव्हत्या. लग्नाआधी नवरीला इथे वाजतगाजत आणत, बाळंतिणीला चाळिसाव्या दिवशी. मुलांच्या आया इथेच सुना हेरत. ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी माँटेग्यू हिने 1717 मध्ये सोफिया शहरातला (आजच्या बल्गेरियात) हमाम पाहून लिहिलं, की हे बायकांचं कॉफीगृहच आहे, गावातल्या सगळ्या बातम्या इथे कळतात.

पैशाची बाजूही महत्त्वाची. 1584 मध्ये पूर्ण झालेला चेंबरलीताश हमाम नूरबानू सुलतान या राजमातेने बांधवला. आराखडा दरबारी वास्तुविशारद मिमार सिनानचा मानतात. त्याचं उत्पन्न बोस्फोरस सामुद्रधुनीपलीकडच्या उस्कुदारमधल्या तिच्या धर्मादाय संकुलासाठी होतं. तिथे मशिदीसोबत दवाखाना आणि गरिबांसाठी स्वयंपाकघर होतं. म्हणजे इथे न्हायला येणाऱ्याच्या नाण्यातून पलीकडे कुणाला औषध मिळे, कुणाला जेवण. इस्तंबूलच्याच 1741 च्या जालोलू हमामाचं उत्पन्नही असंच आयासोफिया मशिदीतल्या ग्रंथालयाला जाई.

आणि भट्टीची ऊब आत येणाऱ्यांपुरतीच नव्हती. इस्तंबूलची बेघर, अनाथ मुलं हिवाळ्यात हमामाच्या भट्टीघरात, गरम राखेशेजारी झोपत. भट्टीघर म्हणजे ‘कुल्हान’, म्हणून ती ‘कुल्हानबेयी’. आज तुर्कीत हा शब्द टगे, दांडगट माणसाला लावतात.