आई नागपूरच्या महाल भागात वाढली, आता आमच्याकडे मनीषनगरला असते. अल्झायमर आहे. रोज संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी जाते. काय करावं?

‘हेच तर तुझं घर’ असं पटवत बसू नका. ‘चल, जाऊ’ म्हणा, पायात चपला द्या आणि गल्लीतून एक चक्कर मारून आणा. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी आधी जातात, जुन्या टिकतात. त्या मागतात ते बहुधा महालातलं घर, तुमचा फ्लॅट नव्हे. (सासूबाईंचं करताना हे उमगलं. वाद घातला की नुसती रडारड.) उजेड कमी झाला की गोंधळ वाढतो, म्हणून दिवे अंधार पडायच्या आधीच लावा. मात्र एक-दोन दिवसांत अचानक बिघडल्या तर सगळं अल्झायमरवर ढकलू नका. लघवीचा संसर्ग किंवा अंगातलं पाणी कमी होणं असू शकतं. आपल्या मे महिन्यात तर हमखास तपासा, तहान लागली हे त्यांना सांगता येईलच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रात्र झाली तर मेडिकल किंवा मेयो, यांपैकी एक सरकारी रुग्णालय गाठा.