आजोबांचं जुनं वेब्ली अँड स्कॉट .३२ रिव्हॉल्व्हर विकायचंय, किंमत कशी काढू?

आधी लायसन्स बघा. आजोबा हयात नसतील तर रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा. घरात ठेवून भाव विचारत फिरू नका.

किंमत ठरते ती नळीच्या आतल्या आट्यांवर (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांवर), सिलिंडर घट्ट बसतो की हलतो त्यावर आणि मूळ निळसर झळाळीवर. चकचकीत पॉलिश मारून घेऊ नका, भाव पडतो! अशा जुन्या वेब्लीसारख्या परदेशी बनावटीला आपल्याकडे मान आहे, कारण १९८० च्या दशकापासून आयात जवळपास बंद. दोन-तीन डीलरांना दाखवा. पहिला आकडा हमखास कमीच सांगतात. परवानाधारक व्यक्तीला थेट विकणार असाल तर पोलिसांना लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं.