मज्जातंतूची जाडी कशावर ठरते? आतल्या प्रोटीनच्या वाहतुकीचा संबंध आहे का?

हो, आणि खूप जवळचा आहे. जाड अॅक्सॉनच्या (म्हणजे मज्जापेशीतून निघणाऱ्या लांब तंतूच्या) आत न्यूरोफिलामेंट नावाचे प्रोटीनचे बारीक धागे ठासून भरलेले असतात, जाडी मुख्यतः त्यांच्या संख्येवर ठरते. हे धागे तयार होतात पेशीच्या मुख्य भागात आणि तिथून पुढे सरकतात, पण सरासरी वेग दिवसाला जेमतेम १ मिलीमीटर किंवा त्याहूनही कमी, म्हणजे कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जायला काही वर्षं लागतात! गंमत म्हणजे धागा हलतो तेव्हा चांगला जोरात पळतो, फक्त बहुतेक वेळ नुसता थांबलेला असतो, हे २००० च्या सुमारास जिवंत पेशींमध्ये प्रत्यक्ष दिसलं.

आता रस्त्यावर गाड्या हळू झाल्या की गर्दी होते ना, तसंच इथे, धागे जास्त वेळ थांबले की गर्दी वाढते आणि अॅक्सॉन फुगतो. तंतूवर मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त पदार्थाचं, आवरण असतं तिथे धागे जास्त रेंगाळतात म्हणून तिथे तंतू जाड, आणि मधेमधे जिथे आवरण नसतं, म्हणजे रॅनव्हिएच्या गाठीपाशी, तिथे तो एकदम बारीक. (नाव गाठ, पण प्रत्यक्षात चिंचोळी जागा, मला हे फार आवडतं.)

मज्जातंतू तुटला की या प्रोटीनचं उत्पादन घटतं आणि तंतू पेशीच्या बाजूने बारीक व्हायला लागतो, तो बारीकपणा पुढे सरकतो त्याच संथ वेगाने. जपानी लावा पक्ष्यांची एक जात आहे तिच्यात न्यूरोफिलामेंटच नसतात, त्यांचे तंतू बारीक राहतात, संदेश हळू जातात आणि पक्षी थरथरतात.