विणकाम कार्यशाळेची फी आपत्कालीन निधीतून भरावी का?

तुम्ही विचारलंय की शनिवार-रविवारच्या विणकाम कार्यशाळेची फी आपत्कालीन निधीतून भरली तर चालेल का. छंदासाठी तुम्ही दर महिन्याला जे पैसे बाजूला ठेवता, त्यांच्या तीन महिन्यांइतकी फी आहे. प्रवास, मुक्काम आणि लोकर धरली की साडेचार महिन्यांचे पैसे लागतात. पुढे स्वेटर विकून ते भरून निघतील, असा तुमचा अंदाज आहे. समोर दोन कार्यशाळा आहेत, त्यांतली कोणती घ्यावी, असंही तुम्ही विचारलंय.

कार्यशाळेला जरूर जा. निधीला मात्र हात लावू नका, आणि विक्रीचा भरवसा धरू नका.

विक्रीचं आधी बोलू. मागचा स्वेटर 60 तासांत झाला आणि लोकरीच्या दुप्पट किमतीला गेला, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे 60 तासांची कमाई एका स्वेटरच्या लोकरीइतकी. कार्यशाळेचा सगळा खर्च तुमच्या आकड्यांनुसार सहा स्वेटरच्या लोकरीइतका होतो. तो सुटायला 360 तास लागतील; रोज एक तास विणलंत तरी जवळजवळ वर्ष. त्यात जी रंगीत नक्षी शिकायला निघालात, तिला साध्या विणीपेक्षा वेळ जास्त लागतो आणि त्या जादा तासांचे पैसे गिऱ्हाईक सहसा मोजत नाही. तुमच्या हातात काही कमी आहे म्हणून हे होत नाही, हाताचं विणकाम मुळातच सावकाशीचं आहे. तेव्हा हा खर्च शिकण्याचा आणि आनंदाचा धरा. तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

दोन कार्यशाळांपैकी कोणती, या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवला, कारण पैसे वाया जायचे असतील तर इथेच जातील. एकीत दोन दिवसांत सहा तंत्रं आहेत, दुसरीत फक्त फेअर आयल पद्धतीची रंगीत वीण (एका ओळीत दोन रंगांचे धागे, न लागणारा धागा कापडामागून न्यायचा) आणि स्टीकिंग, म्हणजे विणलेलं कापड कापून उघडणं. दुसरी घ्या. वेण्यांची नक्षी किंवा अर्ध्या ओळीतून परत फिरणं व्हिडिओ बघून जमतं. चुकलं तर उसवायचं आणि पुन्हा विणायचं. रंगीत विणीत मागून जाणारा धागा जरा ओढला गेला की कापड आखडतं, आणि ते विणताना आपलं आपल्याला कळत नाही. कुणीतरी शेजारी बसून हात बघावा लागतो. स्टीकिंगमध्ये तर गोल विणलेला स्वेटर पुढून उघडा करायला चक्क कात्रीने कापायचा असतो. शेटलंड मेंढ्यांच्या लोकरीसारख्या खरखरीत लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात, म्हणून कापलेली कड सहज उसवत नाही. मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली गुळगुळीत लोकर किंवा अ‍ॅक्रिलिक मात्र निसटतं. पहिली कात्री शिक्षकासमोर, छोट्या तुकड्यावर चालवणं, यासाठी फी मोजायला माझी हरकत नाही.

त्याच शिक्षकाकडून नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजायची सवयही लावून घ्या. पॅटर्नमध्ये 10 सेंटिमीटरला 22 टाके असतील आणि तुमचे 20 बसत असतील, तर 220 टाक्यांचा घेर 100 ऐवजी 110 सेंटिमीटर होतो. अख्खा स्वेटर उसवण्यापेक्षा एक संध्याकाळ गेलेली परवडली.

आता पैसे कुठून आणायचे? तुमचा निधी चार महिन्यांच्या खर्चाला पुरेल इतका आहे आणि तुम्ही सहा महिन्यांचं लक्ष्य ठेवलंय. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर लागणारे पैसे ते, आणि आधीच अपुरे आहेत. कार्यशाळा ठरलेल्या तारखेची असते, तिला आपत्कालीन म्हणता येत नाही. कार्डावर हप्तेही नकोत. शनिवार-रविवार संपल्यावर महिनोन्‌महिने फेडत बसाल. छंदाच्या खात्यात दोन महिन्यांचे पैसे साठलेत आणि पुढची तुकडी तीन महिन्यांनी आहे. तोवर पाच महिन्यांचे होतील, म्हणजे सगळा खर्च भागून थोडे उरतीलही. पुढच्या तुकडीत नाव घाला.

नाव घालण्याआधी आयोजकांना विचारा: ऐनवेळी जाता आलं नाही तर किती पैसे परत मिळतात, लोकर फीमध्ये धरली आहे का, आणि घरातली गोल सुई चालेल का. स्वेटरची लोकर आत्ता घेऊ नका. कार्यशाळेत हात बसला की मगच, आणि प्रत्येक रंगाची सगळी लोकर एकाच रंगाईच्या लॉटमधली, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली घ्या.