मशीन असताना डॉक्टर दात हाताने का खरवडतात?

तुम्ही विचारलंय की मशीनने सफाई झाल्यावरही डॉक्टरांनी आकड्यासारख्या हत्याराने हिरडीखाली खरवडलं, याची गरज होती का आणि त्याने दात ढिले होतात का.

नाशिकला पंचवटीत माझा हिरड्यांच्या उपचारांचा दवाखाना आहे. ही हत्यारं दिवसभर हातातच असतात, म्हणून सांगते.

मशीनचं टोक सेकंदाला २५,००० किंवा त्याहून जास्त वेळा थरथरतं. वरचं जाड कीटण त्याने पटकन निघतं. हिरडीखाली मात्र डोळ्यांना काही दिसत नाही. तिथे मुळावर राहिलेला खडबडीतपणा क्युरेटच्या, म्हणजे हिरडीखाली खरवडायच्या आकड्याच्या, दांड्यातून बोटाला कळतो.

तुम्हाला सगळे आकडे सारखेच वाटले असतील. टोकदार, तिकोनी पात्याचा असतो तो सिकल स्केलर. तो हिरडीच्या वरच चालवायचा, खाली घातला तर हिरडी फाटेल. क्युरेटचं टोक आणि पाठ गोल, म्हणून तो खाली उतरतो. त्यातल्या ग्रेसी क्युरेटला एकाच बाजूची धार वापरायची असते आणि प्रत्येकाची जागा ठरलेली: ११-१२ नंबरचा दाढेच्या पुढच्या अंगाला, १३-१४ मागच्या. विद्यार्थी असताना हे नंबर पाठ करता करता जीव गेला होता!

धार सगळ्यात महत्त्वाची. बोथट क्युरेट कीटण काढत नाही, नुसतं घासून गुळगुळीत करतो; मग ते बोटालाही लागत नाही आणि आतच राहतं. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार मला दगडावर धार लावताना बघून म्हणाले, "छाटणीच्या कात्रीचंही हेच आहे मॅडम, बोथट झाली की काडी कापत नाही, चेचते."

आता ढिलं होण्याबद्दल. पायरियात दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं. खालच्या पुढच्या दातांमागे साचलेलं कीटण त्यांना एकमेकांना चिकटवून धरतं. ते काढलं की आधीपासूनचं हलणं जाणवतं. शिवाय सूज उतरली की फटी दिसतात, थंड पाणी काही दिवस झिणझिणतं.

खरवडण्याआधी डॉक्टर बारीक खुणांची काडी फिरवत "तीन, दोन, पाच" असं काही म्हणाले होते का? ती हिरडीच्या पॉकेटची, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेची, मिलिमीटरमधली खोली. ३ पर्यंत ठीक, पुढे काळजी. ते आकडे मागून घ्या आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या.