वाचकांचे प्रश्न : प्रेमकथा कोणत्या वाचाव्यात?

प्रश्न : फडक्यांची 'दौलत' मी मांडवीतील मध्यवर्ती ग्रंथालयातून आणून वाचली. आता काय वाचावे, आणि नव्या कादंबऱ्यांची माहिती वेळेवर कशी मिळवावी? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : 'दौलत' १९२९ ची, तिच्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १९३९ मध्ये आलेली विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आपण अवश्य वाचावी. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर मराठी चक्रधर आणि नाझींच्या छळामुळे देश सोडावा लागलेली ज्यू हॅर्टा भेटतात. प्रवासाचे दिवस मोजकेच आहेत हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे डेकवरच्या साध्या बोलण्यालाही धार येते. मराठीत इतकी होरपळवणारी प्रेमकथा मला दुसरी आढळलेली नाही. आकाराने लहान असली, तरी ती एका बैठकीत संपवू नये.

त्यानंतर गौरी देशपांडे यांचे 'एकेक पान गळावया' घ्यावे. त्यातील तीन दीर्घकथांमध्ये प्रेम लग्नापाशी थांबत नाही.

नव्या पुस्तकांसाठी प्रकाशकांच्या प्रकाशनपूर्व सवलतीच्या जाहिराती पाहाव्यात आणि दिवाळी अंक चाळावेत, कारण पुढे पुस्तकरूपाने येणारे लेखन पुष्कळदा तेथेच प्रथम भेटते.