१५ इंची चाकं काढून १६ इंची अलॉय टाकली तर ॲव्हरेज पडेल का?

थोडं पडतं, पण नुसत्या इंचामुळे नाही. चाक जड झालं की प्रत्येक वेळी थांबून पुन्हा उचलताना इंजिनाला जास्त जोर लागतो. चिपळूणच्या बाजारातल्या गर्दीत किंवा आंबा घाटाच्या वळणांवर ते जाणवतं, मोकळ्या हायवेवर तितकं नाही. टायर रुंद घेतला तर हवेचा अडथळाही वाढतो.

आधी टायरच्या कडेवरचे आकडे वाचा: १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. १८५/६५ आर १५ ची एकूण उंची साधारण ६२२ मिमी, १९५/५५ आर १६ ची ६२१, म्हणजे जवळपास तेवढीच. पण रिम तीच ठेवून १९५/६५ आर १५ टाकलात तर ६३५ होते. मग मीटरवर १०० किमी दिसतात तेव्हा गाडी १०२ धावलेली असते, आणि टाकी फुल करून हिशोब केला की ॲव्हरेज आहे त्याहून कमी वाटतं.

मला ॲव्हरेजपेक्षा काळजी वाटते ती रिमची. पावसात लाल पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही. ५५ च्या टायरची कड बुटकी, दणका थेट रिमला बसतो. माझी एक रिम अशीच वाकली, संगमेश्वरच्या अलीकडे. तुमचं रोजचं येणं-जाणं गावातल्या रस्त्यांवर असेल तर १५ च ठेवा.